पिवळ्या दाराचा पत्ता

अन्शेल ग्रायव्हर पहिल्यांदा माझ्या दारात उभा राहिला तो लाल झग्यात, छातीवर हा एवढा मोठा क्रूस लटकवून. मी म्हटलं, “देणगीबिणगी मिळणार नाही. आम्ही ज्यू आहोत.”

“मीसुद्धा,” तो म्हणाला. “सरळ शूटिंगवरून आलोय, कपडे बदलायलाही थांबलो नाही. खोली भाड्याने आहे म्हणे? आणि बाई, तुमच्या बीटच्या सुपात साखर जास्त झालीय. इथवर वास येतोय.”

आता मी पोलंडकडच्या गॅलिशियाची. आमच्याकडे सुपात साखर, माशात साखर. आणि हा पिन्स्कच्या बाजूचा, मिरीवाला. अशा माणसाला घरात घेऊ नये हे मला माझ्या आईने शिकवलं होतं. पण नवरा बेकरीच्या भट्टीपुढे छाती धरून खाली बसला तो पुन्हा उठलाच नव्हता, वरची खोली रिकामी होती, आणि भुकेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं माझ्या जिवावर येतं, मग तो लाल झग्यातला कार्डिनल पाद्री का असेना. घेतला आत. सूप दोनदा मागून घेतलं मेल्याने.

तेव्हापासून तो वरच्या खोलीत आणि मी खाली. लॉस एंजेलिसच्या या आमच्या बॉइल हाइट्समध्ये लोकांना काय, जीभ उचलून टाळ्याला लावायची. म्हणायचे, फ्रूमाने सिनेमानट पाळलाय. पाळलाय कसला! नट म्हणजे तुम्हाला वाटेल मोटार, नोकरचाकर. याचं नाव पडद्यावर यायचं तोवर लोक कोट चढवून दाराकडे निघालेले असायचे. नावही त्याचं नव्हतंच. स्टुडिओने अँसेल ग्रे करून ठेवलं होतं.

पण काम मात्र विचारू नका. आज ग्रीक खानसामा, उद्या तुर्की डाकू, परवा इटालियन न्हावी. रशियन सरदार झाला, अरबांचा शेख झाला, पाद्री तर इतक्यांदा झाला की कोपऱ्यावरची मेक्सिकन म्हातारी त्याला वाकून नमस्कार करायची आणि हा सवयीने आशीर्वाद द्यायचा. मरायचाही फार छान. गोळीने, तलवारीने, विषाने. फक्त ज्यू म्हणून कधी कोणी घेतला नाही. म्हणायचे, तुम्ही तितकेसे ज्यू वाटत नाही. ते नाक बघूनसुद्धा! आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

आता मुद्द्याचं सांगते. त्याचा डाकू किंवा शेख काही बोलायचा असला की दिग्दर्शक म्हणायचा, “तुमची काहीतरी परदेशी बडबड करा हो, कोणाला कळतंय!” आणि अन्शेल बडबड करायचा ती आपल्या यिद्दिशमध्ये, आम्हा ज्यूंच्या घरच्या बोलीत. सगळ्या अमेरिकेला ती तुर्की वाटायची. आमच्या ब्रुकलिन अव्हेन्यूवरच्या थिएटरात मात्र लोक पोट धरधरून हसायचे. निम्मी गर्दी यायची तीच मुळी अन्शेलने या खेपेला काय म्हटलंय ते ऐकायला. एकदा तो शेख झाला होता. घोड्यावर बसून तलवार उपसली, हजार स्वारांकडे वळला आणि गरजला, “फ्रूमा, तुमच्या गादीत ढेकूण आहेत!”

सगळी बाल्कनी माझ्याकडे वळून बघायला लागली. माझ्या गादीत! त्या रात्री मी त्याला उपाशी ठेवला.

मग युरोपात लढाई पेटली आणि राइझेलची पत्रं बंद झाली.

राइझेल त्याची धाकटी बहीण. तिकडे पिन्स्कजवळ लुबिनके गावात आईच्या घरात एकटी राहायची, लग्न केलं नव्हतं. हा दरवर्षी लिहायचा, ये इकडे, बोटीचं भाडं पाठवतो. ती लिहायची, पुढच्या वर्षी, आता बटाटे काढायचेत. पुढच्या वर्षी कोबी. अशी बटाट्या-कोबीत वर्षं गेली आणि मग जर्मन आले.

तिथून त्याच्या सिनेमातली थट्टा संपली. पुढच्याच सिनेमात तो डोंगरातला कसलासा मुखिया होता. कड्यावर उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली, “राइझेल! लुबिनकेच्या ग्रायव्हरांची राइझेल! मी जिवंत आहे. लॉस एंजेलिस, बॉइल हाइट्स, सेंट लुईस रस्ता, पिवळं दार, फ्रूमाचं घर. ये!”

थिएटरात कोणी हसलं नाही. कोण हसणार? प्रत्येकाची तिकडे कोणी ना कोणी राइझेल होतीच.

घरी आल्यावर मी विचारलं, “हे काय हो नवीन?”

“सिनेमे जगभर जातात, फ्रूमा,” तो म्हणाला. “टपाल जात नाही तिथेसुद्धा जातात. कुठेतरी बघेल. कानावर पडेल.”

“आणि माझ्या दाराची दवंडी कशाला?”

“तिला दुसरा कुठला पत्ता सांगू? माझा दुसरा आहे कुठे?”

मी सूप वाढलं.

मग प्रत्येक सिनेमात तेच. खानसामा बशी फोडायचा आणि पुटपुटायचा, राइझेल, पिवळं दार. डाकू मरता मरता म्हणायचा, सेंट लुईस रस्ता. घरमालकीण म्हणून मला दाराचा रंग बदलायची चोरी झाली. हिरवा द्यायचं कधीचं मनात होतं. तो बेत सोडला आणि दर वसंतात तोच पिवळा पुन्हा फासायला लागले. संध्याकाळी तो समोरच्या कट्ट्यावर बसायचा. रस्त्याने अनोळखी बाई बॅग घेऊन येताना दिसली की उठून उभा राहायचा, ती पुढे गेली की बसायचा. मी खिडकीतून बघायची. मला राग यायचा. त्याचा, तिचा, त्या बटाट्यांचा. आणि खरं सांगायचं तर, घरात मी हाडामासाची असताना हा सगळा जन्म दारावरच्या थापेसाठी जगतोय, याचाही यायचा.

लढाई संपली. त्यानंतर एका शरदात खरंच थाप पडली. मी दार उघडलं. एक हडकुळा तरुण, अंगावर दुसऱ्याचा कोट. त्याने आधी दार नीट निरखून घेतलं, मग मला विचारलं, “पिवळं दार. तुम्ही फ्रूमा?”

त्याचं नाव मेंडल. लुबिनकेच्या न्हाव्याचा मुलगा. जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत अमेरिकन लोकांनी चादरीवर सिनेमा दाखवला होता. हा मागे जमिनीवर बसला होता. पडद्यावरच्या डाकूने याच्या गावाचं नाव घेतलं तसा हा ताडकन उभा राहिला. बाकीच्यांनी ओढून खाली बसवलं. पत्ता त्याने पाठ करून ठेवला. जगात दुसऱ्या कोणाचाच पत्ता त्याच्याकडे नव्हता.

म्हणजे निरोप पोचला होता हो. फक्त नको त्या कानात.

मी त्याला स्वयंपाकघरात बसवला, खायला दिलं आणि विचारलं. मेंडल ताटाकडे बघत म्हणाला, “पहिल्याच वर्षी. सगळ्यांना रानात नेलं. माझी आई आणि राइझेल एकाच रांगेत होत्या. मी झाडावर होतो.”

अन्शेल संध्याकाळी आला, कोणाच्या तरी मिशा चिकटवलेल्या. त्याने मेंडलला बघितलं, मला बघितलं. मला काही सांगावंच लागलं नाही. तोंडं वाचण्यातच त्याचा जन्म गेला होता.

तो म्हणाला, “किती झालं?”

“सहा वर्षं,” मेंडल म्हणाला.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाला, “म्हणजे एक तास.”

आमच्यात मेलेल्यासाठी सात दिवस जमिनीलगत बसायचं असतं. पण बातमी महिन्यानंतर आली तर धर्म म्हणतो, एक तास पुरे. मी इतकी संतापले! म्हटलं, “बहिणीचा एक तास? ज्याने हा नियम काढला त्याला बहीण नव्हती वाटतं!” अन्शेलने संत्र्यांचं खोकं उलटं केलं, बूट काढले, मिशा उपटून टेबलावर ठेवल्या आणि बसला. मी आणि मेंडल समोर. घड्याळ तेवढं वाजत होतं. तास झाला तसा उठला आणि बूट घातले. मी त्या दिवशी सुपात साखरच घातली नव्हती, त्याच्यासाठी म्हणून. एक चमचा तोंडात घालून तो म्हणाला, “फ्रूमा, साखर घाला. तुमचं असतं तसंच राहू दे.” तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

आठवड्याने तो खाली आला. “नवा सिनेमा आहे. म्हातारा डाकू. सोबत्याला पुरतो. दिग्दर्शक म्हणतोय, तुमच्या भाषेत काहीतरी प्रार्थना म्हणा, कुठलीही. मी तिथे राइझेलसाठी कद्दिश म्हणणार आहे.”

“आपलं सिनेगॉग काय ओस पडलंय? ब्रीड स्ट्रीटवर जा आणि म्हणा.”

“तिथेही म्हणीनच. पण तिला इतकी वर्षं जे काही सांगितलं ते पडद्यावरूनच सांगितलं. हेही तिथूनच सांगायचं. पण दहाजण लागतात, फ्रूमा.”

कद्दिश, म्हणजे मेलेल्यासाठीची आमची प्रार्थना, एकट्याने म्हणून चालत नाही. दहा पुरुष हवेत, आमेन म्हणायला. बाया त्या दहात धरत नाहीत. मी धरली जात असते तर नऊच शोधावे लागले असते, पण ते असो. सिनेमाला डाकूंची टोळी हवीच होती, आणि दाढीवाली माणसं स्टुडिओ आमच्याच गल्लीतून नेत असे. मी कंबर कसून निघाले. मेंडल होता, हेरिंग मासे विकणारा झुंडल होता, शिंपी कोपेल आणि त्याचा साडू होता. असे करत करत आठ झाले. अडला तो लोणच्याच्या पिंपांवरचा टेव्हिए. अन्शेलला धरून दहावा तोच.

“फेटा बांधून कद्दिश?” तो म्हणाला. “खोट्या प्रेतावर खरा कद्दिश? पाप लागेल, फ्रूमा.”

मी म्हटलं, “खऱ्या प्रेतांवर कोणी म्हटला, टेव्हिए? रानात कोण होतं दहाजण?”

त्याने लोणच्याचे हात पुसले. “कुठे यायचं सांग.”

मला काही सेटवर जाऊ देणार नव्हते. मेंडलने येऊन सांगितलं. पुठ्ठ्याचा डोंगर होता. खड्ड्यात कांबळ्याखाली रिकामी पोती. दहाजण फेटे बांधून, कमरेला खंजीर लावून उभे. अन्शेलने सुरुवात केली आणि टोळीने आमेन म्हटलं. मेंडल म्हणाला, टेव्हिएच्या दाढीवरून पाणी गळत होतं. संपल्यावर दिग्दर्शक टाळ्या वाजवत आला, “वा, वा! कुठली भाषा ही?”

अन्शेल म्हणाला, “डोंगरातली.”

त्या रात्री तो पहिल्यांदाच कट्ट्यावर बसला नाही. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून चहा घेतला, दातांत साखरेचा खडा धरून. “आता दाराला हिरवा रंग द्या,” म्हणाला. मी म्हटलं, “वसंत येऊ दे.” माझ्या मनात काय काय आलं ते सांगत नाही. आता वाट बघणं संपलंय, आता हा माणूस घरात राहील, असं आलं. एवढं सांगते.

वसंत यायच्या आधीच तो गेला. सिनेमात इतक्या नाटकीपणाने मरणारा माणूस, आणि खरा मेला तो झोपेत, कूस बदलावी तसा. पुरायला सगळी गल्ली आली. आमेन म्हणायला पन्नास होते, पण कद्दिश म्हणायला ना मुलगा ना भाऊ. तो मेंडलने म्हटला.

सिनेमा लागला तेव्हा उन्हाळा होता. मेंडलला म्हटलं चल, तर म्हणाला, मला नाही जमणार. टेव्हिए आजारी होता. बाकीचे कोणी कामावर, कोणी मुलांमागे पलीकडच्या नव्या वस्तीत गेलेले. मी एकटीच गेले. दुपारचा खेळ होता आणि थिएटर जवळजवळ रिकामं. म्हातारा डाकू खड्ड्यापाशी आला. त्याने फेटा सावरला, वर बघितलं, तोंड उघडलं.

आणि व्हायोलिनं सुरू झाली.

नुसती व्हायोलिनं! कोणा शहाण्याला वाटलं असेल, दुःखाचा प्रसंग आहे, संगीत घाला. आवाज पुसून टाकला होता मेल्यांनी. अन्शेलचे ओठ हलत होते आणि ऐकू काही येत नव्हतं. टोळीचे ओठ हलले, तेही मुके. जगभर जाणार होता हा सिनेमा. कितीतरी माणसं निरोप ऐकायला बसणार होती आणि त्यांना व्हायोलिनं ऐकू येणार होती.

मला कद्दिश पाठ आहे. बाप सिनेगॉगमध्ये म्हणायचा तेव्हा मी बायांच्या पडद्यामागे बसून शिकले. त्याच्या ओठांवरून मला शब्द न् शब्द कळत होता. आमेनची जागा आली. बाईचं आमेन दहात धरत नाहीत, ठाऊक आहे मला. मी उभी राहिले आणि जेवढं ओरडता येतं तेवढ्याने म्हटलं, “आमेन!”

पुढच्या रांगेतला माणूस वळला. “श्श, बाई! सिनेमा चाललाय. कोण लागतो तुमचा तो?”

मी म्हटलं, “भाडेकरू.”

आणि पुढच्या आमेनसाठी उभीच राहिले.