व्हेर्नोलचा संत जाकोतोंच्या दारी

आन्सेल्म जाकोतोच्या एकुलत्या एक लेकीचं, ओदिलचं लग्न झालं ते १९७३ साली. लग्न तिकडे फ्रान्सच्या उत्तरेला, लील शहरात झालं. पुढच्या जानेवारीत तिचा सासरा देजिरे पहिल्यांदा व्हेर्नोल गाव बघायला आला, आणि नेमका त्याच वर्षी द्राक्षमळेवाल्यांचा संत व्हिन्सेंट जाकोतोंच्या घरी मुक्कामाला यायचा होता.

व्हेर्नोलमध्ये संत चर्चमध्ये राहत नाही. अक्रोडाच्या लाकडाचा, हातात द्राक्षांचा घोस घेतलेला तो संत वर्षवर्षभर एकेका मळेवाल्याच्या स्वयंपाकघरात राहतो. बावीस जानेवारीची प्रार्थना झाली की त्याला खांद्यावर घेऊन एकट्याने घरी न्यायचं. आणि न्यायचं कोणी, तर त्या हिवाळ्यात ज्याने त्या घरचा मळा छाटला असेल त्याने. वाटेत टेकवला, तर ज्याच्या दारापुढे टेकला त्याच्याच घरी संत राहणार. आन्सेल्मच्या बापाकडे संत आला होता तेव्हा आन्सेल्म शाळेत होता. आता पाळी हुकली तर पुढची बघायला आपण नसणार, हे तो जाणून होता.

आणि नाताळाच्या तोंडावर तो तळघराच्या पायऱ्यांवरून घसरला. कंबर धरली ती धरलीच. ओदिल सणाला आली होती, ती माहेरीच राहिली. बापाचा जुना कोट नि टोपी चढवून तिने खाणीमागच्या चढावरचा मळा छाटून काढला. धुक्यात खालून बघणाऱ्याला वाटायचं, आन्सेल्मच वाकलाय. मळेवाल्यांच्या संघाचा म्होरक्या फिर्मँ मळा बघून आला आणि भर चौकात आन्सेल्मची पाठ थोपटत म्हणाला, "या वयात काय हात आहे रे तुझा! काडी न काडी जागच्या जागी!" आन्सेल्म मिशीतल्या मिशीत हसला. 'मी नाही छाटला' असं काही म्हणाला नाही. गाडं अडलं ते तिथेच.

संताच्या सणाच्या सकाळी ओदिल त्याच्या बुटाच्या नाड्या बांधत होती. त्याला वाकता येत नव्हतं.

"बाबा, सांगून टाका. मी नेते संताला."

"गप बस. जाकोतो अजून मेला नाही."

देजिरे टेबलाशी पाव नि चीज खात होता. त्याचा बिअरचा कारखाना होता. तो म्हणाला, "व्याही, एवढ्याशा मूर्तीला एवढं काय? आमच्याकडे पोरंसोरं याहून मोठी पिंपं उचलतात."

"तुमची पिंपं रिकामी असतील, व्याही," आन्सेल्म म्हणाला. "तुमची ती बिअर प्यायल्यावर मला तसंच वाटलं होतं."

देजिरे पोट धरून हसला.

प्रार्थना झाली. फिर्मँने संताला उचलून आन्सेल्मच्या खांद्यावर दिलं. बँड वाजू लागला. बर्फावर राख टाकली होती तरी वाट निसरडी होती. विहिरीपर्यंत आन्सेल्म मान ताठ ठेवून चालला. विहिरीच्या पुढे चढ लागतो आणि पहिलं घर लागतं ते बादँचं. बादँ दारातच उभा होता. आन्सेल्मचा डावा पाय तिथे अडला. कंबरेत अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे अंधारी आली. संत कलला.

देजिरे धावला. "द्या इकडे!"

"हात लावू नका!" सगळा गाव एकदम ओरडला. तापलेल्या तव्याला लागावेत तसे देजिरेने हात मागे घेतले.

"आन्सेल्म, टेकव रे," बादँ हळूच म्हणाला. "माझ्याकडे बरा राहील तो. जीव जाईल तुझा."

आन्सेल्मला घाम फुटला होता. समोर बादँचा उंबरा. बाजूला ओदिल, ओठ आवळून उभी. बापाने सांगितल्याशिवाय ती बोलणार नाही, हे त्याला कळलं.

"फिर्मँ," तो म्हणाला, "मळा मी छाटलेला नाही."

बँड थांबला.

"काय बरळतोस? मी बघून आलो की. तुझ्याशिवाय असा काप घेतो कोण?"

"ही घेते. माझी लेक. सगळा मळा तिने छाटलाय, माझा कोट घालून. तू पाठ थोपटलीस तेव्हा मी गुमान ऐकून घेतलं, कारण मला लाज वाटली. आता वाटत नाही. तुला आयुष्यभरात जमला नसेल असा काप आहे तो, आणि तो माझ्या पोरीचा आहे!"

फिर्मँचा चेहरा लाल झाला. "अरे, पण बाईमाणसाच्या खांद्यावर संत..."

मागून म्हातारी लेओनी कडाडली, "छाटणाऱ्याने न्यायचा, एवढंच आहे ना रे फिर्मँ? छाटणारा पँट घालतो की झगा, हे कुठे म्हटलंय? आणि लवकर ठरवा, माझे पाय गारठले!"

लोक हसले. फिर्मँने टोपी काढून डोकं खाजवलं. मग ओदिलला विचारलं, "भिंतीकडच्या त्या म्हाताऱ्या वेलीवर फुटीचे किती डोळे ठेवलेस गं?"

"दोनच. तिला जास्त झेपत नाहीत, काका."

"मीही दोनच ठेवले असते," फिर्मँ म्हणाला आणि बाजूला झाला.

संत खाली न टेकता बापाच्या खांद्यावरून लेकीच्या खांद्यावर गेला. ओदिलने एकदा भार जोखला आणि चढ चढायला लागली. बँडवाले धावत तिला गाठायला निघाले. बादँने दारातूनच टोपी काढली.

आन्सेल्म देजिरेच्या दंडाला धरून मागून लंगडत चालला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांकडे तो असा बघत होता, जणू गाव त्याच्या मालकीचं आहे.

देजिरे म्हणाला, "व्याही, सून आमची आहे बरं का."

"सून तुमची. हात आमचा."

संत वर्षभर जाकोतोंच्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर राहिला. जो येईल त्याला आन्सेल्म आधी लेकीची छाटणी दाखवायला मळ्यात नेई, संत मागाहून.

आन्सेल्म जाकोतो १९७९ च्या मार्च महिन्यात घरीच वारला.