माझ्या काठावरचा टवका

मित्रांनो, मी एक जुनी मातीची हंडी आहे. पोट गोल, तोंड मोठं, वर जड झाकण. ओव्हनमध्ये घेवड्याचे दाणे भाजण्यापलीकडे मला काही येत नाही. पण त्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी आपल्याच तोंडाने सांगते.

एका सुताराच्या बायकोने मला विकत आणलं. पहिल्याच आठवड्यात मी नळाच्या तोटीवर आपटले आणि काठाचा टवका उडाला. मी रडकुंडीला आले. आता आपली रवानगी उकिरड्यावर, असंच वाटलं. पण ती हसली. "बरं झालं, खूण झाली," म्हणाली.

खूण कसली, ते ऐका. तिला गोड आवडायचं, सुताराला झणझणीत. शिजवलेले दाणे कांदा-टोमॅटोच्या दाट रसात घालून ती माझ्यात भरायची. मग टवक्याच्या बाजूला गूळ खोचायची आणि समोरच्या बाजूला लाल मिरच्या. दुपारभर मंद आच, पण ढवळायचं नाही. जेवताना तो आपल्या बाजूने वाढून घ्यायचा, ती आपल्या. मधलं गोड-तिखट लेकीचं.

"तुमची मिरची माझ्या हद्दीत आली हो."

"तुझ्या गुळानेच बोलावलं असेल तिला."

दर वेळी हेच. टवक्याची गोष्ट मात्र त्या दोघांतच राहिली. लेकीला फक्त मधलं माहीत.

मग सुताराची बायको आजारी पडली आणि गेली.

सुतार स्वतः दाणे करू लागला. डोळे अधू झाले होते, म्हणून तो अंगठ्याने काठ चाचपायचा. टवका लागला की तिथे गूळ खोचायचा. जेवताना तिच्या बाजूला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी तेच गार दाणे थोडे थोडे करून संपवायचा, गोड आवडत नसताना. माझ्या काळजाला घरं पडायची.

लेक नोकरीच्या गावाहून घरी आली. फुटक्या काठाने बाबांचं बोट कापेल, असं तिला वाटलं. त्यांना न सांगता तिने मला कुंभाराकडे नेलं आणि सगळा काठ घासून एकसारखा करून आणला. मायेपोटीच केलं पोरीने. मी तिला बोल लावत नाही.

रविवारी सुताराने दाणे भरले, गुळाचा खडा घेतला आणि काठावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"टवका कुठे गेला गं?"

"काढून टाकला बाबा. आता बोट कापायचं नाही."

कुणी म्हणेल, गोल हंडीला बाजू कसली, खोचा गूळ कुठेही. पण त्याला तिचीच जागा हवी होती. ती जागा त्याच्या उजव्या हाताखालीच होती, आणि एवढं मोठं तोंड असून मला ते सांगता येईना. शेवटी त्याने गूळ आणि मिरच्या मधोमध टाकल्या आणि पळीने सगळं ढवळलं.

"छान झालंय बाबा," लेक जेवताना म्हणाली. "आज सगळीकडे सारखी चव आहे."

"हो," तो म्हणाला आणि अर्ध्या जेवणावरून उठला.

मित्रांनो, फुटकं दिसलं की लगेच सांधायला धावू नका. हे असंच का ठेवलंय, ते आधी घरातल्या माणसाला विचारा. मला धुऊन पुसताना तो अजून काठावरून अंगठा फिरवतो, आणि त्या अंगठ्याला माझ्याकडून आता काहीच मिळत नाही.