न वाचलेलं कलम

सत्यशीला मूळची काष्टीची, सपाट मुलखातली. लग्न होऊन राजूरला आली तेव्हा पहिलं वर्षभर तिला डोंगर अंगावर आल्यासारखे वाटायचे. पुढं त्याच डोंगरांची अशी सवय झाली की माहेरी चार दिवस राहिलं, तरी तिला उघडं बोडकं आभाळ बघून चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. नवरा पंचायत समितीत कारकून, पदरी एक मुलगी. स्वतःच्या आवाजाचं तिला कधी कौतुक नव्हतं. पण हायस्कूलच्या एका कार्यक्रमात तिनं वार्षिक अहवाल वाचला, आणि एवढी रुक्ष गोष्ट लोक माना वर करून ऐकताहेत हे आबासाहेबांनी हेरलं.

आबासाहेब ते हायस्कूल आणि गावातलं कॉलेज चालवणाऱ्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. माणूस सज्जन, पण एकदा मनात आलं की दम निघायचा नाही असा. गावोगावच्या बचत गटांच्या बायका त्याच सुमारास आपला स्वतःचा रेडिओ काढायचं म्हणत होत्या. सरकारी नियम असा की परवाना हवा तर संस्था नोंदवून तीन वर्षं झालेली पाहिजेत. बायकांची तर नोंदणीच नव्हती.

"तीन वर्षं कशाला थांबता, सत्यशीलाताई?" आबासाहेब म्हणाले. "परवाना आमच्या संस्थेच्या नावानं घेऊ. नाव कुणाचं का असेना, आवाज तुमचाच राहील."

तिला ते पटलं. तिनंच मग बायकांनाही पटवलं. कॉलेजच्या गच्चीवर अँटेना उभी राहिली, खालच्या खोलीच्या भिंतींना गोणपाट आणि गाद्या ठोकल्या, आणि 'रेडिओ शेजार' बोलायला लागला. भाताच्या रोपांवरचा करपा, लसीकरणाची तारीख, कुणाची म्हैस चुकली, कुणाच्या पोरीला नोकरी लागली. दुपारी चार तास आणि सकाळी दोन. सत्यशीलाला लोक बाजारात आवाजावरून ओळखायला लागले. भाजीवालीनं जुडीवर एक काडी जास्त टाकायची आणि म्हणायचं, "काल लई बेस बोलला ताई."

दुसऱ्या पावसाळ्यात एक म्हातारी भिजलेल्या घोंगडीसकट थेट स्टुडिओच्या दारात येऊन उभी राहिली. भीमाबाई तिचं नाव. सोंडेच्या पलीकडच्या आंबेदऱ्याहून चालत आलेली. सोंड म्हणजे डोंगराची पुढं आलेली धार, राजूरच्या बाजूनं बघितलं तर आभाळाला टेकलेली.

"तुमचा रेडिओ सोंडेच्या अल्याड बोलतो, पल्याड मुका हाय," भीमाबाई म्हणाली. "परवा वढ्याला पूर येनार म्हून तुमी सांगितलं म्हनत्यात. आमाला कुनी सांगितलं? माजी सून आन् नातू बाजाराला आल्ती. दोन दिस अल्याड आडकून पडली. वाडीत आमी समजलो, गेली."

सत्यशीलाला तोंड वर करवेना. पुराची सूचना तिनं स्वतः पाच वेळा वाचली होती.

तिनं सुनीलला बोलावलं. सुनील बाजारपेठेत टीव्ही-मोबाईल दुरुस्त करायचा आणि रेडिओचं यंत्र तोच सांभाळायचा. तो म्हणाला, "ताई, आपल्या लहरी सरळ जातात. उन्हासारखं समजा. सोंड आडवी आली की मागं सावली पडते, त्या सावलीत पाच वाड्या. यंत्राची ताकद वाढवायला सरकारची परवानगी नाही. एकच उपाय, अँटेनाचा मनोरा सोंडेवर उभा करायचा. मग दोन्ही अंगांना ऐकू जाईल."

सोंडेच्या माथ्यावर सपाट जागा एकच होती, आणि ती होती भीमाबाईची. सासऱ्यापासून चालत आलेलं वरईचं वावर. भीमाबाईला विचारलं तर ती हसली. "वरई दोन पायल्या व्हती तिथं, ती बी डुकरं खात्यात. घ्या की."

आबासाहेबांनी वकिलाकडून तीस वर्षांचा करार करून घेतला. अंगठा घ्यायच्या आदल्या दिवशी तो सत्यशीलाच्या हाती आला आणि रात्री स्वयंपाक झाल्यावर तिनं तो चाळला. अकराव्या कलमाशी ती थबकली. सकाळी तिनं आबासाहेबांना फोन केला.

"अहो, वकील घालतातच तसं," ते म्हणाले. "प्रत्येक करारात असतं. आपण काय मनोरा विकणार आहोत का?"

आंबेदऱ्यात भीमाबाईच्या पडवीत त्या संध्याकाळी पन्नासभर माणसं बसली होती. पाचही वाड्यांतून लोक आले होते, कारण दुसऱ्या दिवशी उजाडताच मनोऱ्याचे लोखंडी तुकडे खांद्यावरून वर न्यायचे होते. पुढच्या पावसाला तीन आठवडे उरले होते. सत्यशीला करार मोठ्यानं वाचू लागली. एकेक कलम वाचायचं, साध्या भाषेत सांगायचं, पुढं जायचं. भीमाबाई गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती, मध्येच "म्हंजी काय?" विचारत होती. दहावं कलम झालं तेव्हा उजेड उतरला होता. माणसं चुळबुळ करायला लागली होती.

अकरावं तिच्या डोळ्यांपुढं होतं. 'सदर जागा व त्यावरील मनोरा अन्य कारणासाठी वापरण्याचा अथवा त्रयस्थ पक्षास वापरण्यास देण्याचा अधिकार संस्थेस राहील, त्यास जागामालकाची हरकत राहणार नाही.' हे वाचलं की भीमाबाई विचारणार, म्हंजी काय. मग दोन म्हातारे उठणार, चर्चा होणार, उद्याचं काम परवावर जाणार, आणि पाऊस काही कुणासाठी थांबत नाही. तिनं आवाज न बदलता बारावं कलम वाचलं.

भीमाबाईनं अंगठा उठवला. निळी शाई तिनं पदराला पुसली आणि म्हणाली, "आता बोल आमच्याकडं तोंड करून."

दुसऱ्या दिवशी जे झालं ते बघायला आबासाहेबसुद्धा काठी टेकत अर्ध्या वाटेपर्यंत आले. सहा-सहा माणसांनी एकेक तुकडा उचलला. बायकांनी सिमेंट डोक्यावरून नेलं, पोरांनी पाणी. पावसाच्या आधी मनोरा उभा राहिला आणि यंत्र वर गेलं. सुनीलनं तारा जोडल्या, खाली पाचही वाड्यांत लोक अंगणात रेडिओ धरून बसले. सत्यशीलानं पहिल्यांदा पाचही वाड्यांची नावं घेतली. आंबेदऱ्यात तेव्हा जो गलका झाला तो म्हणे सोंडेवर सुनीलला ऐकू गेला.

पुढची तीन वर्षं सत्यशीलाच्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली. भीमाबाई दर गुरुवारी स्टुडिओत यायची. रानातल्या भाज्या, कुठली कधी खुडायची, कुठली दोनदा उकडून पाणी टाकायची, हे ती माईकसमोर असं सांगायची की जणू शेजारणीशी बोलतेय. तिच्या कार्यक्रमाला पत्रं यायची. नातू तिला चिडवायचा की आजी आता मानधन मागणार.

पण सोंड उंच, आणि उंचावर वीज पहिल्यांदा उतरते. पहिल्या वळवात यंत्र जळलं. दोन वर्षांनी पुन्हा जळलं. प्रत्येक वेळी महिना-महिना रेडिओ बंद. पावसाळ्यात सुनीलला वाट सापडायची नाही, जनरेटरचं डिझेल वर न्यायला माणूस मिळायचा नाही. त्यातच संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचं छत गळायला लागलं. अशा वेळी एक मोबाईल कंपनी आबासाहेबांकडं आली. तिला सोंडेवर जागा हवी होती. मनोरा तयार, करार तयार.

संस्थेच्या बैठकीला सत्यशीलाला बोलावलं होतं. आबासाहेबांनी काही लपवलं नाही. ते म्हणाले, "कंपनीला मनोरा पूर्ण हवा. रेडिओ परत गच्चीवर येईल. भाड्यातून छत होईल, आणि वाड्यांना मोबाईलची रेंज मिळेल. त्यांचंही भलंच आहे. सत्यशीलाताई, तुम्हाला काय वाटतं?"

सगळे तिच्याकडं बघत होते. बोलायचं काय, हे तिला नेमकं ठाऊक होतं. वाड्यांनी खांद्यावरून नेलेलं लोखंड आहे, त्यांना आधी विचारा, एवढंच. पण ते बोललं तर कुणीतरी म्हणणार, करारात अधिकार आहे, आणि करार तुम्हीच वाचून दाखवलात की. रोज सहा तास बोलणारी बाई तीन शब्दांत आटपली. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. वसतिगृहात तिची मुलगी संस्कृती नसली तरी तिच्या मैत्रिणी होत्या, त्यांच्या अंथरुणांवर पाणी गळत होतं, हेही खोटं नव्हतं. तिनं स्वतःला नंतर पुष्कळदा हे सांगून पाहिलं.

महिन्याभरात सोंडेवर तारेचं कुंपण पडलं, कुलूप लागलं. पाच वाड्यांत मोबाईल वाजायला लागले, आणि रेडिओत पुन्हा नुसती खरखर.

सत्यशीला आंबेदऱ्याला गेली ती कराराची प्रत पिशवीत घालून. सुगीमुळं महिनाभर गुरुवारी न आलेली भीमाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचं मशीन पुन्यांदा जळलं का गं? लई दिस झालं आवाज न्हाई, आन् वर ते कुंपान कसलं पडलंय?"

"जळलं नाही, मावशी. खाली नेलं." आणि मग सत्यशीलानं सगळं सांगितलं. सांगताना ती थांबली नाही, कारण थांबली असती तर उरलेलं सांगता आलं नसतं. शेवटी म्हणाली, "एक कलम मी त्या दिवशी वाचलंच नाही. मुद्दाम."

भीमाबाईनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "आता वाच."

सत्यशीलानं वाचलं. भीमाबाईनं विचारलं, "म्हंजी काय?" सत्यशीलानं साध्या भाषेत सांगितलं.

"तवा वाचलं असतंस तरी मी आंगठा दिला असता," भीमाबाई म्हणाली. "तुज्यावर इस्वास हुता. पर मग त्यो मी दिला असता, समजून. आता काय झालं, माज्याकडनं कुनीतरी काडून घेतल्यागत झालं. आन् ते कुनीतरी तू निगालीस."

"मावशी, मला..."

"राहू दे. च्या घेतीस का?"

सत्यशीलानं चहा घेतला. नको म्हणायची तिची प्राज्ञा नव्हती. भीमाबाई त्यानंतर स्टुडिओत कधी आली नाही. भांडण नाही, अबोला नाही. बाजारात भेटली की संस्कृतीची चौकशी करायची. फक्त तिच्या गुरुवारी सत्यशीलाला दुसरं काहीतरी लावावं लागायचं.

वर्षाच्या आत सत्यशीलानं रेडिओ सोडला. तो चालू राहिला, आजही चालू आहे. गावात छान ऐकू येतो. तिनं वाड्यांतल्या बायकांना गोळा केलं आणि जे पहिल्याच वेळी करायचं होतं ते केलं. त्यांची स्वतःची संस्था नोंदवली. अध्यक्ष आंबेदऱ्याची रुपाली, म्हणजे भीमाबाईची सून. मग तीन वर्षं थांबल्या. नंतर अर्ज, त्रुटी, पुन्हा अर्ज, दिल्लीहून पत्रं. हे सगळं होईतो सत्यशीलाच्या केसांत चांदी आली. गेल्या हिवाळ्यात परवाना हातात पडला, बायकांच्या स्वतःच्या नावाचा.

मनोऱ्यासाठी जागा मात्र सोंडेवर उरली नव्हती. सुनीलनं सोंडेच्या पलीकडं, खालच्या टेपावर, म्हणजे शाळेमागच्या बुटक्या टेकडीवर, नवा मनोरा उभा केला. चाचणीच्या दिवशी त्यानं एकेकीला एकेका वाडीत रेडिओ घेऊन पाठवलं. आंबेदऱ्याला सत्यशीला स्वतः गेली.

भीमाबाई आता उन्हाला बसून असायची, गुडघ्यांनी दगा दिलेला. सत्यशीलानं तिच्या शेजारी बसून बटण फिरवलं. खरखर आली. तिनं अँटेना लांब केली, रेडिओ इकडं धरला, तिकडं धरला. खरखरच.

तेवढ्यात फोन वाजला. रेंज खणखणीत होती. "ताई, तीन वाड्यांत स्वच्छ येतंय!" सुनील ओरडला. "चौथ्या वाडीत थोडं तुटक. तुमच्याकडं?"

"काहीच नाही रे."

"तिथं मधलं टेकाड आडवं येतंय. जरा वर चढून बघा, सोंडेकडं."

"काय म्हनतोय?" भीमाबाईनं विचारलं.

"जरा वर चढून बघा म्हणतोय."

"वर कुटं जातीस? वर तर कुंपान हाय." म्हातारीनं रेडिओ तिच्या हातातून घेतला, कानाशी धरला, खरखर थोडा वेळ नीट ऐकली आणि मांडीवर ठेवला. "तीन वाड्यास्नी येतोय न्हवं?"

"येतोय."

"मंग जा तू, तिकडं बोल. लोकं वाट बघत असतील."

सत्यशीला उठली नाही. खालच्या टेपावरून रुपाली त्या वेळी पहिल्यांदा माईकसमोर बोलत होती, सासूचं नाव घेऊन बोलत होती असं नंतर कळलं. त्या अंगणात ते ऐकू आलं नाही. दोघी उन्हात बसून राहिल्या, सावली पायरीवर येईपर्यंत.