मरीआई बसवली तिथं

माह्या सासूले, जमनाबाईले, अक्कल शिकवाची कोणाची टाप नाही आमच्या तांड्यात. तिनं एकदा ठरवलं का झालं. आमी दोघी सुना, मी ममता थोरली अन् रंजिता धाकटी, फक्त मुंडी हालवाले.

घाटंजीच्या रस्त्याले आमचं वावर आहे. देशभर बिजली नेणारी ती मोठी सरकारी कंपनी तिथून लाइन नेऊन राह्यली, पार दुसऱ्या राज्यात. आमच्या घरात बल्ब मिणमिण करते, त्याचं तिले काही नाही. ती बिजली आमच्या डोक्यावरून जाणार. उन्हाळ्यात तिचा साहेब आला, दुर्बीण लावली, अन् धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, लाल टोकाची खुंटी ठोकून गेला. म्हणे इथं टावर होईन, चार पायाचे चार मोठे खड्डे.

त्या खुंटीपासून जराशाक अंतरावर, पळसाच्या झाडाखाली, रंजिताचं लेकरू पुरलं होतं. मागच्या दिवाळीले झालं अन् नाव ठेवाच्या आधीच गेलं. आमच्यात एवढ्या लहान्याले जाळत नाहीत, मीठ टाकून मातीत ठेवतेत. वर दगड नाही, ओटा नाही, काहीच नाही. खूण ठेवली तर आईचं मन तिथंच अडकते म्हणतेत. अडकाचं ते तसंबी अडकतेच. रंजिता तण निंदाच्या बहाण्यानं रोज पळसाखाली जाऊन बसे.

खुंटी पाहून ती माह्या गळ्यात पडली. "ताई, त्याले उकरतीन वं. मले दुसरं काही नको, त्याले तिथंच राहू द्या."

तिच्या नवऱ्याले, देवीलालले, मी म्हणलं, "भाऊजी, साहेबाले सरळ सांगून टाका का इथं लेकरू आहे." एवढी साधी गोष्ट. पण सासू म्हणे, "मेल्या लेकरासाठी कोणी टावर हटवते काय? देव असला तर हटवतीन. मरीआई बसवू."

आता ती मरीआई पळसाखालीच बसवली असती, तरी निभलं असतं. पण मयताच्या मातीवर देव कसा बसवाचा? इटाळ होते म्हणे. म्हणून सासूनं एक गोटा उचलला, शेंदूर फासला अन् बरोबर खुंटीच्या बुडाशी बसवला. तांड्यात सांगलं का मरीआई सपनात आली. लोकं काय, तयारच. मंगळवारी तिथं नारळं फुटाले लागले. एका बाईनं तर नवसबी बोलला.

साहेब पुन्हा आला तो चांगला माणूस निंगाला, हाच तर वांधा झाला. त्यानं जोडे काढले, हात जोडले. म्हणे, "आजी, देवाला हात लावणार नाही. लाइन बदलता येत नाही, पण लाइनीतच टावर थोडा सरकवता येतो." एका बाजूले नाला होता. म्हणून दुसऱ्या बाजूले सरकवला. खुंटी उपटली अन् नेऊन ठोकली पळसाखाली.

रंजितानं सासूकडं पाह्यलं. सासू गोट्यावरचा शेंदूर सारखा कराले लागली. आता कोणत्या तोंडानं सांगन ती? देव खोटा होता म्हणन?

पिकं काढून झाल्यावर मशीन आली. पळस पाडला. साहेब म्हणे, कामाची सुरुवात घरच्या सुनेच्या हातानं करू. अन् मोठ्या मानानं हळदकुंकवाचं ताट त्यानं रंजितासमोर धरलं.

"साहेब, इथं माहं लेकरू आहे," ती म्हणाली. हळूच, पण सगळ्यायनं ऐकलं.

सासू मधातच बोलली, "लेकरू गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही साहेब. तुमी चालू द्या."

"डोकं ठिकाणावर आहे तिचं," मी म्हणलं. "भाऊजीनंच ठेवलं त्याले इथं."

तांड्यातले लोकं एकमेकाकडं पाहाले लागले. नवसवाली बाई सासूकडंच पाहून राह्यली होती. साहेबानं मशीन बंद करायले लावली. चांगला होता म्हणलं ना. देवीलालच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं विचारलं, "तुम्ही वडील आहात. तुम्ही सांगा. मूल इथं आहे का?"

देवीलालनं आईकडं पाह्यलं. लोकायकडं पाह्यलं. त्या शेंदऱ्या गोट्याकडं पाह्यलं.

"नाही साहेब," म्हणे. "ते घरामागं पुरलं होतं."

थोबाडीत हाणावी वाटली मले त्याच्या. असा कसा बाप म्हणाव तो. रंजितानं नवऱ्याकडं मान वळवून पाह्यलंबी नाही. तिनं ताट घेतलं, पाडलेल्या पळसाच्या बुंध्यापाशी वाकली, हळदकुंकू वाह्यलं, अन् उठून साहेबासमोर आली.

"मशीनवाल्याले सांगजा साहेब," म्हणे, "जरा हळू उकर म्हणा."

साहेब "हो" म्हणाला. मशीनवाल्याले सांगलंबी असन त्यानं. पण मशीन आपल्या हिशोबानंच चालली.