बोदवडची हेल्डर

आमच्या शोरूमला लोक गाडी घ्यायला येत नव्हते. दार लावायला यायचे.

हेल्डर ही बाहेरच्या देशातली कंपनी. तिच्या गाडीचं दार लावलं की जाड, भरलेला आवाज येतो. लोक एक दार लावायचे, एकमेकांकडे बघायचे, मग दुसरं लावायचे. चारही झाली की डिक्की. मग आत बसून फोटो. मग आमचं थंड पाणी प्यायचे आणि बोलायचे, "गाडी एक नंबर." आणि तिथून निघून दोन दुकानं सोडून मारुती बुक करायचे.

त्यांचंही चुकत नव्हतं. हेल्डरचा पार्ट नाशिकहून यायचा. कधी यायचा ते नाशिकवाल्यांनाही माहीत नसायचं. जुनी झाल्यावर कोण घेईल, हे कोणी सांगू शकत नव्हतं. मारुतीचं तसं नाही, तिचा पार्ट पानटपरीवरही विचारून बघावा.

मी मोहिनी. यावलजवळच्या गावची. अकरावीत शाळा सोडली. भांडण कोणाशी झालं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळ्यांशीच झालं. गाडी मात्र मला येते. आप्पांच्या केळीच्या पिकअपवर शिकली. अठरा पूर्ण झाल्यावर लायसन काढलं आणि जळगावला हायवेवरच्या या शोरूमला टेस्ट ड्राईव्हसाठी लागली. मालक अखिल शेठ. त्यांना वाटलं, गाडी पोरगी चालवते म्हटल्यावर लोक कौतुकाने बसतील. लोक बसायचे. मागच्या सीटवर, वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून.

अखिल शेठचे वडील लालचंद शेठ. त्यांची दाल मिल आहे. ते रोज संध्याकाळी त्यांच्या मारुतीतून यायचे, खुर्चीवर बसायचे आणि विचारायचे, "आज?"

अखिल शेठ मान हलवायचे.

"चहा सांग," लालचंद शेठ बोलायचे.

गणपती उठले आणि नाशिकहून कंपनीचा साहेब आला. त्याने सांगितलं, दसऱ्यापर्यंत जळगावातून एक तरी गाडी गेली पाहिजे. नाहीतर डेमो गाडी नाशिकला परत आणि शोरूमला कुलूप. हे मी घरी सांगायला नको होतं, पण फोनवर बोलता बोलता सांगून बसली. आप्पा बोलले, "मंग दसऱ्याला घरी ये. मामीच्या शिवणक्लासात एक जागा धरून ठेवतो."

मामीचा क्लास मी आधी एकदा केलाय. चार दिवस. सुई बोटाला टोचते, मग मी कापड फेकते, मग मामी रडते.

म्हणून मला ती गाडी विकायचीच होती. आणि घेण्यासारखं गिऱ्हाईक एकच होतं, योगराज भाऊ.

योगराज भाऊंचं धुळ्याला ठिबकच्या नळ्यांचं दुकान. दर बुधवारी माल बघायला जळगावला यायचे आणि आमच्याकडे चक्कर मारायचे. ते दार लावून निघून जाणारे नव्हते. आत बसायचे, सीट पुढेमागे करायचे, स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. टेस्ट ड्राईव्ह इतक्या वेळा झाली होती की तरसोद फाट्याचे चहावाले त्यांना मालक समजायचे. रंगही ठरला होता. पण उतरताना एकच विचारायचे.

"गाडी तं भारीच शे, मोहिनी. पन आमना भागमा कोनाकडे शे का?"

"भाऊ, तुम्ही घेतली की तुमच्याकडे असेल."

"तसं नही. एखादं नाव सांग. मी त्याले इचारसू."

"जळगावात अजून गेली नाही, भाऊ."

"मंग देखू पुढना बुधवारले."

असे बुधवार गेले. मग एका बुधवारी ते वहिनींना घेऊन आले. ज्योत्स्ना वहिनी आत बसल्या, एसीच्या जाळीवर हात धरला, काही बोलल्या नाहीत. भाऊ उतरले, दार लावलं, आवाज ऐकला. मग माझ्याकडे वळून बोलले, "पन मोहिनी, कोनाकडे शे का?"

माझं डोकं सटकलं.

"आहे ना भाऊ. बोदवडला जीवराम आबांनी घेतली. चार महिने झाले."

बोदवड मी का बोलली? कारण धुळ्याचा माणूस बोदवडला कशाला जाईल. आणि जीवराम हे नाव कुठून आलं ते मलाही माहीत नाही.

भाऊंचा चेहरा मोकळा झाला. "जीवराम आबा? कापूसवाला?"

"तेच."

"आयकेल शे नाव," भाऊ वहिनींना बोलले. "मोठा मानूस शे."

आठवडा गेला. भडगावहून एक डॉक्टर आले. चारही दारं लावून झाल्यावर त्यांनी मला सांगितलं, "बोदवडला एकाने घेतलीय म्हणे. जीवराम आबा. खूश आहे माणूस."

मी हो बोलली. दुसरं काय बोलणार.

पुढच्या गिऱ्हाईकाने रंग सांगितला. त्याच्या पुढच्याने सांगितलं की आबा गाडी फक्त लग्नाला काढतात, एरवी झाकून ठेवतात. अखिल शेठने फाईल उघडून पाहिली, बंद केली आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"मोहिनी, आपण बोदवडला गाडी दिली का?"

"नाही शेठ."

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. "बरं," ते बोलले.

संध्याकाळी लालचंद शेठ आले. त्या दिवशी 'आज?' विचारलं नाही. खुर्चीवर बसून बोलले, "बोदवडचा जीवराम माझ्या ओळखीचा आहे. सज्जन माणूस. त्याला गाडी दिलीस आणि मला सांगितलंही नाहीस."

अखिल शेठने चहा सांगितला.

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. मग ती गाडी बिघडली.

पहिल्यांदा ॲव्हरेज गेलं. चोपड्याहून आलेला माणूस बोलला, आबांची गाडी पेट्रोल पिते. मग एसी गेला. मग एकजण आला, तो दार लावायलाही थांबला नाही. उभ्याउभ्याच बोलला, "आबाचा गिअरबॉक्स गेला. पार्ट परदेशातून निघालाय, पण जहाज मुंबईत अडकलंय. गाडी कडुलिंबाखाली उभी आहे, वर कोंबड्या बसतात."

"तुम्ही पाहिली?" मी विचारलं.

"माझ्या साडूने पाहिली."

मला त्या साडूला शोधून मारावंसं वाटलं. गाडीला काही झालं नाही असं सांगावं तर गाडी कुठे आहे? आणि गाडीच नाही असं सांगावं तर मग मी काय बोलली होती? मी गप्प राहिली, म्हणजे त्यांना वाटलं खरं आहे.

बुधवारी योगराज भाऊ आले. गाडीत बसले नाहीत. सोफ्यावर बसले. वहिनीही होत्या.

"आबानी गाडी बंद पडनी म्हने," ते बोलले.

"दुरुस्त झाली भाऊ. नाशिकहून माणूस येऊन गेला." आता खोटं तोंडाला लागलंच होतं.

"पन लोके सांगतस, उभीच शे."

"बठ्ठा लोके तेच सांगतस," वहिनी बोलल्या. तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या असतील.

भाऊंनी गुडघ्यावर हात मारला आणि उठले. "चाल बोदवड. आबालेच इचारी लेऊत."

दसरा तोंडावर आला होता. मी अखिल शेठकडे पाहिलं. त्यांनी किल्ली दिली आणि दुसरीकडे बघायला लागले.

भुसावळ, वरणगाव करत आम्ही निघालो. मी चालवत होती, भाऊ शेजारी, वहिनी मागे. मनात मी रस्त्यात काहीतरी व्हावं म्हणत होती. पंक्चर, रेल्वे फाटक, काहीही. पण गाडी अशी पळाली की भाऊ डोळे मिटून बसले. वरणगावच्या पुढे रस्ता खराब आहे, तिथेही त्यांच्या हातातली पाण्याची बाटली हलली नाही. "काय गाडी शे," ते बोलले, पण दुःखाने बोलले. एखादी पोरगी पसंत असून तिचे चुलते आवडत नसावेत, तसं.

बोदवड स्टेशनजवळ चहाची टपरी होती. भाऊंनी काच खाली करून विचारलं, "जीवराम आबा कुठे राहतात? या गाडीवाले?"

मला वाटलं, संपलं आता.

टपरीवाल्याने गाडीकडे पाहिलं. "हीच गाडी. अशीच होती त्यांची."

टपरीवर तीन-चार माणसं बसली होती. सगळी उठून आली. एकाने दार उघडलं आणि लावलं.

"हाच आवाज," तो बोलला. "मी बसलोय त्या गाडीत. वरणगावपर्यंत गेलो."

"रंग कोणता होता?" मी विचारलं.

"पांढरा."

"निळा," टपरीवाला बोलला.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पहिला बोलला, "फिक्कट निळा. उन्हात पांढरा दिसायचा." टपरीवाल्याला ते पटलं.

"मग गाडी कुठे आहे आता?" भाऊंनी विचारलं.

"पुण्याला," टपरीवाला बोलला.

"पुण्याला कुठे, गॅरेजला," पहिला बोलला.

"गॅरेजला नाही हो," तिसरा बोलला, "वैतागले आणि..."

 मी गाडीतून उतरली आणि दार आपटलं. आवाज चांगलाच आला.

"जीवराम आबा म्हणून कोणी नाहीच," मी बोलली. "गाडीही नाही. कधीच नव्हती. नाव मी काढलं. हे भाऊ दर बुधवारी तेच विचारत होते म्हणून काढलं. तुम्ही कोणी बसला नाहीत, तुमच्या कोणाच्या साडूने पाहिली नाही. गाडीला काही झालं नाही, कारण गाडीच नाही."

बोलताना मला शिवणक्लास दिसत होता. मामीची खिडकी, तिच्या खालची शिलाई मशीन. तरी थांबता आलं नाही.

 टपरीवरचं दूध वर आलं, टपरीवाल्याने गॅस बारीक केला.

"बाई, तू कुठली?" त्याने विचारलं.

"यावलकडची."

"मंग तुला बोदवडचं काय माहीत?"

बाकीचे हसले. वाईट नाही, मोठी माणसं लहानाला हसतात तसे. 'मी बसलोय' म्हणणारा माणूस भाऊंजवळ गेला आणि हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "पोरगी कंपनीची आहे ना. आबांनी गाडी विकल्याचं बाहेर जायला नको, म्हणून असं बोलावं लागतं त्यांना."

"विकली?" भाऊंनी विचारलं.

"विकली ना. भुसावळला एका डॉक्टरने पाहिली आणि त्याच दिवशी घेऊन गेला. घासाघीससुद्धा केली नाही."

"गिअरबॉक्स गेलेली?"

"बदलून दिला ना कंपनीने. फुकट."

"जुनी गाडी, त्याच दिवशी गेली?"

"मी स्वतः होतो तिथे."

भाऊंनी चहा सांगितला. सगळ्यांना. ते टपरीच्या बाकड्यावर बसले आणि त्या माणसांना एकेक विचारत राहिले. डॉक्टर कोण, किती चालली होती, दुसऱ्या कोणी मागितली होती का. ते सगळं सांगत होते. मी गाडीत येऊन बसली. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि समोर बघत राहिली. समोर रेल्वेची भिंत होती, तिच्यावर विड्याची जाहिरात.

मागून ज्योत्स्ना वहिनी बोलल्या, "खरंच नही ना तो म्हतारा?"

"नाही वहिनी. मी शपथ घेते."

"शपथ नको ले." त्या बाहेर भाऊंकडे बघत होत्या. भाऊ हातवारे करून काहीतरी विचारत होते. "आपली गाडी बिघडनी तं खरंच नाशिकलेच जावं लागी?"

"हो. कधी लवकर होईल, कधी नाही होणार. आणि विकायला गेलात तर कोण घेईल, मला नाही माहीत."

"बरं." त्यांनी पदर नीट केला. "यास्ले सांगू नको."

"मी सांगितलंच ना आता सगळ्यांसमोर."

"ते कोन्हीच आयकं नही. परत सांगू नको. लगीन व्हयनं तवपासून यास्नी काहीच ठरायं नही. घरना रंग मी ठरायं, पोरगानी शाळा मी ठरायं. आते ठरावा लागनात, तं ठरू दे. गाडी बिघडनी तं मी देखसू."

भाऊ आले. बसले. पट्टा लावला. भुसावळ आलं. मग बोलले, "विकायी जास म्हनजे."

"हां," वहिनी बोलल्या.

"मंग लेऊत."

त्यांनी त्याच संध्याकाळी गाडी बुक केली. लालचंद शेठ खुर्चीवर होते. त्यांनी योगराज भाऊंचा हात हातात घेतला आणि बोलले, "जीवरामनंतर तुम्हीच." अखिल शेठ केबिनमध्ये गेले आणि जरा वेळाने बाहेर आले. डोळे धुतल्यासारखे दिसत होते.

दसऱ्याच्या दिवशी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले. योगराज भाऊ किल्ली घेऊन गाडीभोवती फिरले आणि किल्ली माझ्याकडे दिली.

"धुळापावत तूच चालाव. माले भ्याव लागस."

मी चालवली. एरंडोल गेलं, पारोळ्याला त्यांनी थांबवलं. हायवेच्या हॉटेलवर लोक जमले. दारं लावून झाली. एकाने विचारलं, "भाऊ, हिचा पार्ट भेटतो का?"

योगराज भाऊ खिशात हात घालून उभे होते. "पार्ट लागतच नाही," ते बोलले. "गाडी नवीन आहे."

पारोळ्यापासून त्यांनी स्वतः चालवली. मी शेजारी बसली. ते इतकं हळू चालवत होते की ट्रॅक्टर पुढे गेला, तरी मी काही बोलली नाही. मला ते जमलं, हे मला नंतर कळलं.

धुळ्याहून परतीला एसटी धरली. खिडकी मिळाली. आप्पांचा फोन आला.

"दसरा झाला," आप्पा बोलले. "मंग, कधी येती?"

"नाही येत. गाडी गेली."

तिकडे पंप चालू होता, त्याचा आवाज येत होता.

"एकच गेली?"

"एकच पाहिजे होती."

आप्पांनी पंप बंद केला. "बरं," ते बोलले. "मामीला मी सांगतो."