आठ दिवसांची भट्टी

"हा शिक्का तुमचाच ना?"

एनोमोतोंनी नोंदवही टेबलावरून अशी सरकवली की ती तोमोएच्या चहाच्या कपावर येऊन थडकली. चहा सांडला. पुसायला कोणी हात पुढे केला नाही, आणि तोमोएनेही केला नाही.

"माझाच," ती म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला."

एनोमोतो अडतिसाव्या वर्षी गटप्रमुख झाले होते. जर्मनीत चार वर्षे काढून आले होते आणि तिथून त्यांनी काही आणले असेल, तर समोरच्याचे वाक्य मध्येच तोडायची सवय. टेबलाच्या टोकाला विभागप्रमुख निवा बसले होते. तोमोए आणि एनोमोतोंचे भांडण लागले की ते चष्मा पुसायला घेत. आताही पुसत होते.

"सेकंदाला चाळीस हजार अणू यायला हवेत," एनोमोतो म्हणाले. "आले किती? नव्वद! बारा दिवसांनी पाहणी समिती येतेय. त्यांना काय नव्वद दाखवू?"

"चकत्या घाईत तापवल्यात."

"तापवल्या कोणी? शिक्का कोणाचा?"

तोमोए कुरिहाराने नोंदवही स्वतःकडे ओढली. एकतीस वर्षे ती टेकडीवरच्या या संस्थेत एकच काम करत होती. संस्थेचा प्रवेगक प्रोटॉनांचा झोत युरेनियमच्या चकत्यांवर आदळवतो. युरेनियम फुटते आणि तुकड्यांमध्ये निसर्गात कुठेच न सापडणारे किरणोत्सारी कथिल निघते. त्या अणूंचे आयुष्य एखाद्या सेकंदाचे. तेवढ्यात त्यांनी चकतीतल्या बारीक छिद्रांतून वाट काढत बाहेर पडायचे, नळीत विद्युतभार घ्यायचा आणि झोत होऊन शास्त्रज्ञांच्या यंत्रांपर्यंत पोचायचे. त्या चकत्या तोमोए बनवायची. भुकटी दळायची, दाबायची, चकत्या बोटाएवढ्या नळीत रचायच्या (ही भरलेली नळी म्हणजे टार्गेट) आणि निर्वात भट्टीत आठ दिवस हळूहळू आच वाढवत दोन हजार अंशांवर न्यायच्या. घाई केली की छिद्रे मिटतात. मग अणू आत जन्मतात आणि आतच मरतात, बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही.

नोंदवहीत आठ दिवसांचे काम दोन दिवसांत उरकलेले होते. नऊ आणि दहा ऑक्टोबर. प्रत्येक रकान्यात आकडा एनोमोतोंच्या टोकदार अक्षरात, आणि पुढे 'कुरिहारा' असा तांबडा गोल शिक्का. शिक्के किंचित डावीकडे कललेले होते. ते पाहताच तिला कळले की मारणारा हात डावखुरा आहे, आणि अख्ख्या विभागात डावखुरा एकच होता.

"भट्टीचा दोष नाही, भुकटीचा आहे," एनोमोतो म्हणाले. "दळण नीट झालेलं नाही. वय होतं माणसाचं, हात चालत नाही, मी समजू शकतो. माफीनामा लिहून द्या, विषय संपवू."

"टार्गेट उघडून बघा ना. चकत्यांची छिद्रं बघितली की कळेल कोणाचा हात चालला ते."

एनोमोतो हसले. निवांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कुरिहारा-सान, ते आठवडाभर झोतात होतं," निवा हळू आवाजात म्हणाले. "त्याच्या जवळ जाता येतं का कोणाला? शिशाच्या कोठीत गेलं ते. तीन वर्षं तरी उघडता यायचं नाही."

तिला हे ठाऊक नव्हते असे नाही. रागाच्या भरात तोंडून निघून गेले. येत्या मार्चअखेर ती निवृत्त होणार होती. पुरावा होता, शाबूत होता, चाळीस पावलांवर होता, आणि तिच्या नोकरीत तो कोणाच्या नजरेला पडणार नव्हता.

---

ओगाता तिला उपाहारगृहात सापडला, नेहमीच्या कोपऱ्यात, वाकून, डाव्या हाताने सोबाच्या शेवया सुर्रकन ओढत. भट्टीचे पंप आणि विजेची बाजू तो बघायचा. बावीस वर्षे दोघे शेजारी बसत होते. ती समोर बसली तसे त्याने वाडगे दोन बोटे स्वतःकडे ओढून घेतले.

"तू मारलास शिक्का."

"मग? दरवेळी मारतोच की. तूही माझा मारतेस."

हे खरे होते. विभागाच्या दाराशी फिरते स्टँड होते आणि त्यावर सगळ्यांचे शिक्के टांगलेले असत. माणूस जागेवर नसला की शेजाऱ्याने त्याचा शिक्का मारायचा आणि कागद पुढे ढकलायचा, ही विभागाची रीत. नियमात बसत नाही हे सगळ्यांना माहीत होते, आणि नियमाने वागले तर एकही कागद वेळेवर पोचणार नाही हेही.

"हजेरीवर मार म्हटलं होतं मी. भट्टीच्या वहीवर नाही."

"एनोमोतो म्हणाला, मारून टाक, कुरिहारा-सानना मी सांगतो. वरिष्ठ माणूस सांगतोय, मी काय विचारू? आणि तू गेलीस कशाला ऐन वेळी?"

"आईचा एकोणपन्नासावा दिवस होता, ओगाता."

"मग रजा टाकून जायचं होतंस."

तिने रजा टाकली नव्हती. समिती तोंडावर असताना रजा मागितली की एनोमोतो चारचौघांत काय बोलतील, ते ऐकायची तिची तयारी नव्हती. भट्टी तेव्हा दोनशे अंशांवर होती आणि पुढचे दोन दिवस ती तिथेच राहायची होती. नुसती नजर ठेवायची. म्हणून तिने ओगाताला सांगितले, दोन दिवस हजेरीवर माझा शिक्का मार, आणि काळे कपडे पिशवीत घालून गावाची गाडी पकडली. गावात भिक्षूने मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे मंत्र म्हटले, भावाने आईच्या अस्थी थडग्यात ठेवल्या, आणि त्याच वेळी इथे एनोमोतो भट्टीचे बटण फिरवत होते. कागदोपत्री मात्र ती दोन्ही दिवस भट्टीसमोर उभी होती. मी नव्हते असे म्हणावे तर खोटी हजेरी, म्हणजे निवृत्तीच्या तोंडावर बडतर्फी. एनोमोतोंना हे पक्के माहीत होते, म्हणून तर ते एवढे निवांत होते.

"तू खरं सांगशील?" तिने विचारले.

"वेड लागलंय का? एप्रिलमध्ये माझी बढती आहे." ओगाताने चॉपस्टिक आडव्या ठेवल्या. "लिहून टाक ना चार ओळी. मार्चमध्ये जायचंच आहे तुला. तुझं काय बिघडतंय?"

तिला त्याच्या तोंडावर सोबाचे वाडगे उपडे करावेसे वाटले. तिने केले नाही. बावीस वर्षे शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडी तिचे काम चार ओळींत बसत होते, हे मात्र तिला फार लागले. ती उठली. तो पुन्हा वाडग्यात वाकला होता.

---

दुपारी ती एनोमोतोंच्या खोलीत गेली.

"लिहिते. पण एक अट आहे."

"अटी घालायच्या स्थितीत आहात का तुम्ही?"

"कपाटात सुटी नळी आहे, चकत्या भरलेली. मी नेहमी दोन भरते. ती भट्टीत लावायची आणि आठ दिवस तिथे माझ्याशिवाय कोणी फिरकायचं नाही. तुम्हीसुद्धा."

एनोमोतोंनी खुर्ची गर्रकन फिरवली. "जर्मनीत दोन दिवसांत करतात."

"मग जर्मनीहून मागवा. समिती येते बारा दिवसांनी."

तिला या माणसाचा तिटकारा होता, त्यालाही तिचा होता, आणि ते लपवायची दोघांनाही आता गरज वाटेना. त्यात उलट एक सोय होती.

"आठ दिवस दिले," ते शेवटी म्हणाले. "बसा. इथेच लिहा."

संस्थेत माफीनामा टाइप केलेला चालत नाही. हाताने, शाईने, एकही खाडाखोड न करता लिहावा लागतो. चुकले की नवा कागद. एनोमोतो मागे उभे राहून सांगत होते आणि ती लिहीत होती. माझ्या निष्काळजीपणामुळे संस्थेला त्रास झाला. भुकटीचे दळण अपुरे राहिले. त्यामुळे चकत्या सदोष झाल्या.

"कुठली भुकटी? लॉट नंबर घाला," एनोमोतो म्हणाले. "असं मोघम नको. उद्या म्हणाल दुसरीच होती."

तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने 'लॉट सतरा' असे स्वच्छ अक्षरात लिहिले.

"पुढे लिहा, हा लॉट वापरण्यायोग्य नव्हता."

तेही तिने लिहिले. कपाटातल्या सुट्या नळीवर काय लिहिले आहे, हे एनोमोतोंनी विचारले नाही. एकतीस वर्षांत कोणीच विचारले नव्हते. दोन्ही नळ्या ती नेहमी एकाच दळणातून भरायची.

मग तिने खाली नाव लिहिले, शिक्का मारला आणि पत्र दोन्ही हातांनी पुढे केले. एनोमोतोंनी एका हाताने घेतले.

---

आठ दिवस ती भट्टीपाशी स्टुलावर बसली. दोनशे, तीनशे, पुन्हा तीनशे. चकत्यांतून वायू निघायला लागला आणि निर्वाताचा काटा वर सरकला की आच तिथेच धरायची, काटा खाली येईपर्यंत. काटा खाली येतो म्हणजे येतोच; फक्त बसून राहावे लागते, आणि बसून राहणे हेच हुशार माणसांना जमत नाही. एनोमोतो दाराच्या काचेतून रोज दोनदा डोकावून जात. ती मुद्दाम पाठ करून बसायची. ओगाता पंप बघायला येई तेव्हा दोघे फक्त आकडे बोलत.

समिती आली त्या सकाळी नियंत्रण कक्षात पंधरा माणसे दाटीवाटीने उभी होती. झोत सुरू झाला. पडद्यावरचा आकडा हलला, अडखळला आणि मग चढतच गेला. वीस हजार. पस्तीस हजार. एक्केचाळीस हजारांवर तो स्थिर झाला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तोमोए दाराशी उभी होती आणि तिचे डोळे भरून आले. चिडूनही असे होते, हे तिला त्या दिवशी कळले.

"मागच्या वेळी भुकटीत दोष होता," एनोमोतो पाहुण्यांना सांगत होते. "कर्मचाऱ्याने तो मान्य केलाय. आम्ही दळणाची पद्धत सुधारली, त्याचं फळ तुम्ही बघताच आहात. पुढच्या वेळी तापवायचा वेळही आम्ही दोन दिवसांवर आणतोय."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. तोमोए बाहेर पडली.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी निवांनी तिला बोलावले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. टेबलावर तिचा माफीनामा होता आणि शेजारी नव्या टार्गेटचे नोंदपत्र. निवांनी चष्मा पुसायला घेतला नव्हता, त्यावरूनच तिला अंदाज आला.

"काल मी अहवालाला कागद जोडत होतो," ते म्हणाले. "कुरिहारा-सान, नवं टार्गेटही लॉट सतराचंच आहे."

"हो."

"पत्रात तर लॉट सतरा वापरण्यायोग्य नव्हता असं आहे."

"एनोमोतो-सान सांगत गेले, मी लिहीत गेले."

"तुम्हाला माहीत होतं!"

"त्यांनाही माहीत असायला हवं होतं. गटप्रमुख आहेत ते."

निवा उठून खिडकीपाशी गेले आणि परत आले. "हे बघा, त्या दिवशी तुमच्यावर अन्याय झाला. मी बोलायला हवं होतं, बोललो नाही. चुकलंच माझं. आता एकच मार्ग आहे. पत्राला आवक क्रमांक पडलाय, मला ते फाडता येत नाही. पण लिहिणाऱ्याने स्वतः परत मागितलं तर देता येतं. तुम्ही मागा. मी आत्ता देतो. तुमच्या नावाला डाग राहणार नाही, सन्मानाने निवृत्त व्हा."

"आणि तापवणं दोन दिवसांचं?"

"तो तांत्रिक निर्णय आहे. एनोमोतो-सान घेतील."

"मग पत्र राहू द्या."

"म्हणजे?"

"फायलीतच राहू द्या. तीन वर्षांनी कोठीतलं टार्गेट उघडाल. छिद्रं मिटून चकत्या भाजलेल्या कौलासारख्या झाल्या असतील. दळण वाईट असेल तर चकत्या अशा होत नाहीत, घाईने तापवल्या तरच होतात, हे तुम्हालाही कळतं. त्या दिवशी माझं पत्र त्या चकत्यांच्या शेजारी असायला हवं. कोणीतरी विचारेल, या बाईने असं का लिहिलं? कोणी लिहायला लावलं?"

निवांचा चेहरा उतरला. "तेव्हा चौकशी होईल. त्या दोन दिवसांच्या हजेरीचंही निघेल. तुमचं नाव येईल त्यात."

"येऊ द्या. ती चूक माझीच आहे."

"ओगाताचं काय? तुमचा इतक्या वर्षांचा सोबती."

"त्याची बढती होतेय ना," ती म्हणाली. बोलताना तिला वाईट वाटले, पण शब्द मागे घ्यावेत इतके नाही.

निवांनी पत्र उचलले. दोन्ही हातांत नीट धरून त्यांनी ते तिच्यापुढे केले आणि मान खाली घातली. विभागप्रमुख साध्या तंत्रज्ञापुढे असा उभा राहत नाही, आणि दोन्ही हातांनी दिलेली वस्तू तिथल्या रीतीत कोणी नाकारत नाही.

"घ्या," ते म्हणाले. "कृपा करून घ्या."

तोमोए कमरेतून पुरती वाकली, त्यांच्यापेक्षाही खाली, नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी वाकतात तशी. हात तिने अंगाशी धरून ठेवले होते. ती सरळ झाली तेव्हा पत्र अजून हवेतच होते.

"पुढची भट्टी लावलीय, तिच्यापाशी बसायचंय," ती म्हणाली आणि दार ओढून घेतले.