बंदुकीचा वाटा

वनपालांच्या सहीचे निवेदन असे: ‘निडी गावालगतच्या गुरचरणात नेमबाजीच्या सरावाच्या आडून रानडुकराची शिकार करणाऱ्या तरुणीकडून बंदूक, छर्रे व मांस जप्त करण्यात आले आहे.’

एका वाक्यात इतका आत्मविश्वास मी एरवी फक्त सुमार प्रबंधांच्या प्रस्तावनांत पाहते. म्हणून ते प्रबंधासारखेच तपासले.

प्रथम बंदूक. त्या तरुणीची, म्हणजे निशिगंधाची, बंदूक हवेच्या दाबावर चालते. तिचा छर्रा वालाच्या दाण्याहून लहान असतो आणि दहा मीटरवरच्या पुठ्ठ्याला भोक पाडण्यात त्याचे सारे कर्तृत्व संपते. त्याने रानडुक्कर मारायचे, तर डुकराचेही सहकार्य लागेल.

मग ती ‘आड’. सरावाला जाताना ही मुलगी भडक नारिंगी जाकीट घालते, पायवाटेवर लाल फडके बांधते, मातीच्या दरडीसमोरच पुठ्ठा लावते आणि बंदूक रिकामी करून पेटीत ठेवल्याशिवाय तिथून हलत नाही. कोणी आपल्याला शिकारी समजू नये, म्हणून तिने ग्रामपंचायतीलाही कळवले होते. वनपालांच्या मते ही ‘दिशाभुलीची पूर्वतयारी’. या न्यायाने निरपराध माणसाने काळे कपडे घालून, कोणाला न सांगता, झुडपांतून फिरावे.

राहिले मांस. ते तिच्या घराच्या पडवीत, सागाच्या पानात बांधलेले सापडले होते. त्याचे खंडन मला करता येईना.

निशिगंधा रोह्याच्या महाविद्यालयात माझी विद्यार्थिनी. रविवारी पेणला नेमबाजीची जिल्हा निवडचाचणी होती आणि तिची बंदूक वनपालांच्या कपाटात सीलबंद पडली होती. उसन्या बंदुकीने नेम धरणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून वाचणे. शिवाय गुन्हा नोंदला गेला, तर पेणचे दार कायमचेच बंद.

संशयाला जागा हवी असते आणि ती मला लगेच सापडली. गावातला हरेश त्याच गुरचरणातून विनापरवाना मुरूम काढतो. भल्या पहाटे त्याचा डंपर भरतो, त्याच वेळी निशिगंधा दरडीसमोर उभी असते. वनपालांना फोन करणाराही तोच. साक्षीदार नको असलेल्या माणसाने साक्षीदारालाच आरोपी केले, हा युक्तिवाद मला इतका देखणा वाटला की चार पाने लिहून वनपालांकडे पाठवली आणि मगच निडीला गेले. क्रम उलटा हवा होता.

निशिगंधाची आई कृष्णाबाई पडवीत वाल निवडत होती. मी मांसाचा विषय काढताच तिने सूप उचलून आतल्या बाजूला तोंड केले.

“कुनी ठेवलं ते आमाला म्हायती नाय, बाई.”

“हरेशने?”

“म्हायती नाय बोलले ना.”

“कुत्रं-मांजर पडवीत आलं तरी तुम्हाला कळतं, आणि माणूस येऊन गेला ते कळलं नाही?”

“मांजराला इचारा मग.”

ज्या घरावर कुभांड रचले गेले, त्या घराने रचणाऱ्याला शिव्या घालायला हव्यात. इथे हरेशच्या नावाने साधा चडफडाटही नव्हता. शेजारचा केरू, भाताच्या पेंढ्याची दोरी वळत, सगळे ऐकत होता. मी निघाले तसा तो वाटेपर्यंत आला.

“बाई, तुमी लय शिकलेल्या. पन हरेशच्या मागं कशापायी लागल्याव? तो मुरूमचोर हाय, मटनचोर नाय. फुकटचं मटन दुसऱ्याच्या पडवीत ठेवनारा मानूस हाय व्हय तो!”

“मग कोणी ठेवलं?”

“ठेवलं नाय. वाटा गेला.” त्याने आजूबाजूला पाहून आवाज उतरवला. “डुकरानं भात लोळवलं, की रानात मानसं जातातच. जनावर पडलं, की त्या येळी रानात जेवढ्या बंदुका, तेवढे वाटे. चालली का नाय, कोन इचारत नाय. त्या सकाळी पल्याडच्या अंगाला हिची वाजत व्हती. मग हिचा वाटा नको?”

“तिची बंदूक शिकारीची नाही, केरूभाऊ.”

“ते डुकराला सांगा. रीत म्हंजे रीत.”

“वाटे कोणी केले?”

“मी आंधळा व्हतो त्या टायमाला,” केरू म्हणाला आणि दोरी वळू लागला.

चौकशीच्या दिवशी मी निशिगंधाला वनपालांच्या कचेरीच्या दाराबाहेरच थांबवले. “‘मला माहीत नाही’ एवढंच सांग. संशयाचा फायदा घेण्यात लाज कसली?”

“पण मॅडम, मला माहीत हाय.”

“माहीत असणं वेगळं, शाबीत होणं वेगळं.”

“हे वर्गात कधी शिकवलं नाय तुमी.”

आत वनपाल अनपेक्षित मवाळ होते. माझी चार पाने टेबलावर होती आणि त्यांनी ती वाचलेली दिसत होती. यापूर्वी त्यांच्यावर असा प्रसंग आला नसावा.

“मॅडमचा मुद्दा पटतोय,” ते म्हणाले. “मांस हरेशने आणून ठेवलं, असं जबाबात लिही. त्याला उचलतो आणि तुझी बंदूक आत्ता देतो. पेणला जायचंय ना?”

म्हणजे पुराव्याची गरज पूर्वीही नव्हती आणि आताही नव्हती. फक्त नाव बदलायचे होते, आणि ते नाव मीच पुरवले होते. निशिगंधाने एकदा माझ्याकडे, एकदा कपाटाकडे पाहिले.

“हरेशनं ठेवलं नाय,” ती म्हणाली. “लिहून घ्या, मी सांगते.”

बंदूक कपाटातच राहिली. रविवारी पेणला तिचे नाव पुकारले गेले, मग पुढचे. माझ्या खंडनातले बंदुकीविषयीचे प्रत्येक वाक्य आजही अचूक आहे. उपयोगी एकही पडले नाही. तिने सांगितलेला जबाब वनपालांनी शब्दशः उतरवून घेतला, तो असा:

“डुक्कर मी मारलं नाय. मांस कोणी गुपचूप आणून टाकलेलं नाय. मला हाक मारून, वाटा म्हणून दिलं, आणि मी दोन्ही हातांनी घेतलं. अर्धं आम्ही लगेच शिजवून खाल्लं. सापडलं ते उरलेलं. देणाऱ्याचं नाव मी सांगणार नाय. नको म्हणता आलं असतं, पण म्हटलं नाय. गावात सगळे माझ्या बंदुकीला जत्रेतली फुगेफोडी म्हणतात. तिच्या नावानं वाटा आला, तेव्हा मला बरं वाटलं.”